वडिलांची किरकोळ रजा

"माया हे राष्ट्रीय उत्पादन आहे, आणि राष्ट्र त्याचा मोबदला दिल्याशिवाय राहणार नाही!" भिंतीवरच्या पडद्याने सकाळी सात वाजता गर्जना केली आणि त्याच दमात शशांकरावांना कळवलं, की साचलेली किरकोळ रजा आज सक्तीने घ्यायची आहे.

शशांकराव गेली सात वर्षं मनवाचे पगारी वडील होते. मनगटावरचा पट्टा रक्तातली माया मोजायचा आणि त्यावर पगार निघायचा. पण रजेच्या दिवशी पट्ट्याचा काटा हलला, तर तो नियमभंग. तसं दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा झालं, की मनवाला कायमचे दुसरे वडील मिळणार होते.

आजच्यापुरते आलेले बदली वडील, सोनटक्के, तिची वेणी घालत होते. माणूस सज्जन, पण वेणी निघाली होती थेट कानाकडे.

"अहो, तीन पेड घ्या, तीन!" शशांकरावांना राहवेना.

"तुम्ही रजेवर आहात," सोनटक्के म्हणाले. "पेपर वाचा."

शशांकरावांनी पेपर उलटा धरला, सुलटा धरला, चपला घातल्या, काढल्या. खाली शाळेच्या गाडीचा भोंगा वाजला. मनवाचे डोळे भरले तसा काटा हलायच्या बेतात आला. त्यांनी घाईघाईने डोळे मिटून महापालिकेच्या गटारांचा विचार सुरू केला.

डोळे उघडले तेव्हा मनवा अर्धवट सुटलेली वेणी घेऊन पुढ्यात उभी होती. त्यांच्या पट्ट्याकडे एकदा बघून परक्याच्या घरी बोलावं तशा अदबीने तिने विचारलं,

"शेजारचे काका, तेवढी वेणी घालून देता का?"