सुहैरचा पत्ता

अलेक्झांड्रियातल्या आमच्या कंपनीचं एकच नेटवर्क होतं. ते तोडून प्रत्येक विभागाला वेगळं डोमेन द्यायचं काम माझ्याकडे आलं.

माझी बायको सुहैर खरेदी विभागात होती. तिला जाऊन आठ महिने झाले, तरी तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर मी रोज सकाळी एक मेल लिहायचो. मुलुखियाच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतताना ती दचकल्यासारखा मोठ्याने श्वास ओढायची, त्याशिवाय चव येत नाही म्हणायची. शेवटच्या मेलमध्ये मी लिहिलं, आज मुलुखिया करणार आहे, पण तुझ्यासारखा श्वास ओढायची लाज वाटते.

गेलेल्या माणसांची खाती नव्या डोमेनमध्ये न्यायची नाहीत, हा नियम मीच लिहिला होता. तिचं खातंही नेलं नाही.

चार दिवसांनी खरेदीच्या मादाम वफीया जिन्यात भेटल्या.

"बाशमुहंदिस," इथे इंजिनिअरला म्हणतात तशी हाक मारून त्या म्हणाल्या, "सुहैरच्या आजारपणात तिच्या मेल तुम्ही आमच्या सगळ्यांकडे वळवल्या होत्या ना, त्या बंद झाल्या हो. चहाला कुणाला करमत नाही."

मग हसू दाबत त्यांनी विचारलं, "मुलुखियावर शेवटी श्वास ओढलात की नाही?"