खांद्याच्या वर

कार अपघातानंतर लाईलचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून त्याने आयुष्यभराचा भत्ता मागितला. विमा कंपनीच्या वकीलबाईंनी सडबरीतल्या त्याच्या जिमकडून, फिजिओथेरपिस्टकडून, हॉकी क्लबकडून कागद मागवले. त्याला खोटं पाडेल असं कुठेच काही सापडलं नाही.

सुनावणीत लाईल हसत म्हणाला, "आता माझ्या न्हाव्यालाही विचारा, बाई! अहो, शर्टसुद्धा ही नोरीन चढवते मला."

वकीलबाईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. नोरीनचा जबडा तारेने बांधलेला होता.

"ती मागच्या महिन्यात जिन्यात पडली," लाईल म्हणाला. "वेंधळी आहे पहिल्यापासून." टेबलाखाली त्याने डाव्या हाताने तिची मांडी पिरगाळली आणि कानाशी कुजबुजला, "मान हलव. नाहीतर आज दुसरी बाजू फोडतो."

नोरीनने मान हलवली.

वकीलबाईंनी संमतीचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाल्या, "तुमची इस्पितळातली फाईल आम्हाला मागता येत नाही, नोरीन. तुम्ही स्वतः सही दिलीत तरच मिळते."

लाईलने तिचं मनगट धरायच्या आत नोरीनने पेन ओढून सही केली. मग बांधलेल्या दातांतूनच ती एकेक शब्द बोलली.



"जिना खराच आहे, बाई. मी वरच्या पायरीवर उभी होते, हा खाली होता, आणि तरी याची उजवी मूठ माझ्या जबड्यापर्यंत पोचली. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलंय."