मिसेस कोसेकच्या खिडक्या

"तुमच्या खिडक्या माझ्या नातीला विष चारतायत, मिसेस कोसेक," डेलमार जिन्यातूनच म्हणाला.

दोन वर्षांच्या आयव्हीच्या रक्तात शिसं निघालं होतं. वसंतातल्या तपासणीत प्रमाण सहा होतं, आता चौदा. मेंदूचं एकदा गेलं की परत येत नाही, असं डॉक्टरणीनं स्पष्ट सांगितलं होतं. क्लीव्हलंडच्या या शंभर वर्षांच्या घरात वरच्या मजल्यावर त्याची लेक रोशेल भाड्यानं राहायची. जुन्या रंगात शिसं असतं, हे डेलमारला कुणी शिकवायला नको होतं. तीस वर्षं रंगारी म्हणून तो तोच रंग खरवडत आला होता.

घरमालकिणीनं भाडेकराराबरोबरचा कागद पुढे केला. खिडक्या बदलल्या होत्या, तपासणीही झाली होती.

"कागद काय, कुणीही रंगवतं."

"माझीसुद्धा नातवंडं याच जमिनीवर रांगलीत, डेलमार." म्हातारीचे डोळे भरून आले. त्याला तिची दया आली नाही.

त्यानं आरोग्य खात्याकडे तक्रार ठोकली. नियम म्हणजे नियम, त्यात तो कुणाचं ऐकत नसे. कामावरही तसंच: आधी प्लास्टिक अंथरायचं, रंग ओला करूनच खरवडायचा, शेवटी सगळं पुसून काढायचं. गिऱ्हाइकाच्या घरात तो धुळीचा कण मागे ठेवत नसे. तो फार किचकट आहे म्हणून लोक हसायचे.

संध्याकाळी मात्र त्याला दम नसायचा. काम आटोपलं की अंगावरच्या कपड्यांनिशी तो थेट रोशेलकडे यायचा, कारण आयव्ही दुसऱ्या कुणाकडे झोपायचीच नाही. आरामखुर्चीत तो टेकला की ती त्याच्या खांद्यावर गाल ठेवायची आणि कॉलर चोखत डोळे मिटायची. दिवसभराचा शीण तिथेच उतरायचा. तिला काही झालं तर आपण जगू शकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरातले नमुने नेल्यानंतर दहा दिवसांनी खात्याची तपासनीस बाई निकाल घेऊन आली. रोशेलनं सामान बांधायला घेतलं होतं. मिसेस कोसेक दारात भिंतीला टेकून उभी होती.

"खिडक्या स्वच्छ आहेत," बाई वाचू लागली. "जमीन, पाणी, जिना, अंगणातली माती, सगळं स्वच्छ."

"मग पोरीच्या रक्तात आलं कुठून?" डेलमार कडाडला.

बाईनं कागद उलटला.

"शिसं फक्त एका जागी सापडलं, त्या आरामखुर्चीच्या पाठीवर," ती म्हणाली. "बाळाला घेऊन तिथे कोण बसतं?"