अकरावी सही

“चष्मा सापडला का, आक्का?” चंद्रहासने दारातूनच विचारलं. एका हातात प्रतिज्ञापत्र, दुसऱ्यात बायकोने दिलेला आंबोळ्यांचा डबा.

“नाही रे बाबा. बस, चहा टाकते.”

गोवा मुक्त झाल्यावर तुरुंगातून सुटलेल्या आम्ही अकरा जणांनी एका गोठ्यात बसून पक्ष काढला. मी एकोणीस वर्षांची होते. आता त्या पक्षाचे दोन गट झालेत. खरा कुठला, हे कोर्टात सही करून सांगायला अकरांतली मीच उरले आहे.

“त्या गटाला सही दिली नाहीत ना?”

“ते काल डॉक्टर घेऊन आले होते, माझं ब्लडप्रेशर तपासायला. चष्मा त्यांनीही शोधला. कॉटखाली वाकून!”

तो हसला. मग भिंतीवरच्या फोटोतल्या एकेकाचं नाव विचारू लागला. कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. चहा दोनदा झाला, तरी सहाच जण सांगून झाले.

“उरलेले उद्या ऐकतो. पण चष्मा शोधा हां, परवा तारीख आहे.”

फाटक वाजलं आणि घर गप्प झालं. मी तांदळाच्या डब्यातून चष्मा काढला, दोन्ही गटांचे कागद पुन्हा वाचले. दोन्हींत तेच अकरा जण, तोच गोठा. एकावर सही केली की दोघंही यायचे थांबणार.

चष्मा तांदळात खोल खुपसला आणि उद्यासाठी दोन कप घासून ठेवले.