हिरवं तेवढं

धाकटीने कपाटाच्या दोन्ही दारांवर हिरवी चादर ताणून बसवली, वर कपड्यांचे चिमटे लावले आणि आईला म्हणाली, "आता स्वेटर काढ आणि इथे उभी राहा."

स्वेटर कशाला काढायचा, असं आईने विचारलंच. धाकटीकडे उत्तर तयार होतं. कॉलेजात व्हिडिओ शिकायला लागून तिला दोन महिने झाले होते. या आठवड्याची असाइनमेंट अशी, की हिरव्या कापडापुढे कुणाला तरी उभं करायचं, हवामानाची बातमी वाचून घ्यायची आणि मग कॉम्प्युटरवर हिरवा रंग तेवढा उडवून मागे ढग लावायचे. जो हिरवं घालून उभा राहील तो कापडाबरोबर उडेल, हे सरांनी वर्गात तीनदा बजावलं होतं.

निळं कापडही चालतं, हेसुद्धा सरांनी सांगितलं होतं. निळी चादर घरात होती, चांगली इस्त्रीची. ती तशीच ठेवून धाकटीने शेजारच्या काकूंकडून हिरवी मागून आणली. कारण स्वेटर हिरवा होता. ताईचा होता. ताई जाऊन चौदा महिने झाले, तेवढ्या दिवसांत आईने तो धुण्यापुरता काढला असेल, आणि धुतला की वाळेपर्यंत दोरीखाली स्टूल टाकून बसायची. बाबांचं समजावून झालं, मावशीचं रागावून झालं, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मग धाकटीने ठरवलं, आता कॉलेजचं निमित्त करून बघू. मुलींच्या अभ्यासाला आईने कधी नाही म्हटलं नव्हतं.

याही वेळी म्हटलं नाही. उभी राहिली, पण स्वेटरसकट, वरपर्यंत बटणं लावून. धाकटीने पुन्हा सांगितलं, अगं बिघडेल, मार्क जातील. दिसेल तसं दिसेल, आई म्हणाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कपाळावरचा घाम बाहीला पुसून तिने कागद हातात धरला आणि येत्या दोन दिवसांत उकाडा वाढणार असल्याचं वाचून दाखवलं. टेबललॅम्प धरून उभ्या असलेल्या बाबांना हसू आवरेना. बातमी देणारीच स्वेटर घालून आली तर लोक विश्वास कसा ठेवतील, असं काहीतरी ते म्हणाले, आणि आईही हसली. ते हसू बघून धाकटीला इतकं बरं वाटलं, की तिने आणखी दोनदा उगीचच वाचायला लावलं.

मग तिने कमरेपर्यंतच घेतलेला तो व्हिडिओ कॉम्प्युटरवर टाकला आणि दोघांना जवळ बसवलं. आपणच नाहीसे झालेलो दिसलो की आई घाबरेल, आणि घाबरली की काढेल, असा तिचा हिशोब. एकदा तरी काढू दे, पुढचं पुढे. दुष्टपणा होता, तिलाही कळत होतं, पण दुसरं काही सुचायचं राहिलं नव्हतं. तिने माउस दाबला.

हिरवं गेलं. चादर गेली, आणि तिच्याबरोबर गळ्याखालची सगळी आई गेली. राहिलं ते तोंड, आणि खाली कागद धरलेले दोन हात, मनगटापासून पुढचे. छातीच्या जागी ढग होते आणि ते हळूहळू सरकत होते. स्वेटरची बटणं पांढरी, म्हणून ती तेवढी एकाखाली एक हवेत राहिली होती. तोंड उकाड्याचं सांगत होतं.

बाबा उठून खिडकीपाशी गेले. "बंद कर ते," म्हणाले.

धाकटीला स्वतःचंच काम बघवेना. तिने आईकडे पाहिलं. आई घाबरली नव्हती. चष्मा लावून, पुढे झुकून ती बघत होती. चौदा महिन्यांत तिने कशाकडेच इतकं लक्ष देऊन बघितलं नव्हतं.

"मी राहिले आणि स्वेटर गेला," आई म्हणाली.

"म्हणून तर म्हणत होते, काढ. परत करू या ना. पाच मिनिटांचं काम आहे."

आईने ऐकलं की नाही, कोण जाणे. तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि एकेका बटणावरून खाली नेलं.

"उलटं नाही का करता येत? स्वेटर राहील आणि मी जाईन, असं?"

येत होतं. एक बारीक चौकोन असतो, त्यात खूण केली की हिरवं तेवढं राहतं आणि बाकी सगळं जातं. परवाच सरांनी करून दाखवलं होतं, आणि सगळा वर्ग हसला होता. तो चौकोन समोरच होता. धाकटीने माउसवरचा हात काढून मांडीत घेतला.

"नाही आई," ती म्हणाली. "तसं नाही येत."

आईने मान हलवली. चष्मा काढून स्वेटरच्या कडेला पुसला आणि धाकटीच्या पाठीवरून समजुतीने हात फिरवला.

"शिकवलं नसेल अजून," आई म्हणाली. "शिकवतील तेव्हा सांग."