गवताची कदर

लखनौच्या हवेत बारमाही टिकेल असं गवत नाही. थंडीतलं गवत उन्हाळ्यात लूची गरम झळ सुटली की करपतं आणि हरळी डिसेंबरात पिवळी पडते. म्हणून देवानंद दर ऑक्टोबरात सरकारी बंगल्यापुढच्या हरळीवर नवं बी पेरायचा, भोवती सुतळी बांधायचा आणि फर्मान काढायचा, की दीड-दोन महिने सगळ्यांनी वळसा घालून मागच्या दारानं यायचं. ऐकत कोणीच नसे. पोरं तर सुतळीवरून उड्या मारत पुढच्या दारात.

अठ्ठ्याहत्तर साली, सुतळी बांधून झाल्यावर, चिखलीकडच्या गावाहून त्याचे वडील, आबा, राहायला आले. ते मात्र फाटकातून शिरले की न चुकता मागच्या दाराकडे वळायचे.

"शिका काही आबांकडून," देवानंद पोरांना म्हणायचा. "उभा जन्म पाटलाच्या मागच्या दारी गवताचे भारे टाकलेत त्यांनी. गवताची कदर त्यांनाच."

"हाँ पापा," नयना म्हणायची आणि उडी मारायची.

डिसेंबरात गवत दाट, हिरवंगार झालं. देवानंद सुतळी सोडून गुंडाळत होता, तेवढ्यात आबा फिरून आले आणि सवयीनं मागं वळले.

"आबा, आता या की पुढून. सुतळी काढली मी."

आबा थांबले. त्यांनी गवताकडे पाहिलं, मग देवानंदच्या हाताकडे.


"कोनती सुतळी, बाबू?"