हेशेलचं पिंप

टोवाने तिसऱ्यांदा पातेल्यातलं पाणी ओतून दिलं, नवं भरलं आणि बोट बुडवून चाटलं. अजून खारट होतं.

"अख्खा समुद्रच विकत आणलायस," तिचा नवरा एझ्रा म्हणाला.

पातेल्यात कोपऱ्यावरच्या दुकानातलं कॉर्न्ड बीफ होतं. आयतं, मिठात मुरवलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन आलेलं. हे झेडेंना कळलं असतं तर त्यांनी टोवाला नात म्हणणंच सोडलं असतं.

झेडे म्हणजे तिचे आजोबा, हेशेल. ब्रुकलिनमध्ये एक्केचाळीस वर्षं त्यांचं पास्ट्रामीचं, म्हणजे खारवून, मसाला लावून धुरी दिलेल्या मांसाचं दुकान होतं. ते बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक त्यांना रस्त्यात अडवून दोन गोष्टींची आठवण काढत: पास्ट्रामी आणि तिच्याबरोबर मिळणारं काकडीचं लोणचं. दुकानाची पाटी झेडेंनी पलंगाखाली जपून ठेवली होती. टोवाला दुकान पुन्हा उघडायचं होतं, त्याच पाटीखाली. झेडेंची अट एकच होती, आधी पास्ट्रामी करून दाखव.

"मांस तीन आठवडे पिंपात मिठाच्या पाण्यात झोपलं पाहिजे," ते बजावत. "घाईचं मांस आणि घाईचं लग्न, दोन्ही चिवट निघतात."

ते पिंप टोवाने लहानपणी पाहिलं होतं, दुकानाच्या तळघरात. झाकणावर हा एवढा धोंडा. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तळघरात कायम काकडीचा आणि लसणाचाच वास असायचा. मांसाचा वास त्याखाली बिचारा दबून जात असावा.

परीक्षा पुढच्या महिन्यात ठरली होती. पण टोवाने दुकानासाठी पाहून ठेवलेल्या गाळ्याच्या मालकाने सोमवारी निरोप धाडला: शुक्रवारी सही करा, नाहीतर गाळा मोबाइलवाल्याला देतो. टोवाने घाबरत झेडेंना फोन केला.

"मग गुरुवारी जेवायलाच येतो," झेडे म्हणाले. "मांस तू कधीच पिंपात घातलं असशील ना?"

"हो तर!" टोवा म्हणाली. तोंडातून निघून गेलं खरं.

बुधवारी सकाळी पाणी एकदाचं गोडं लागलं. टोवाने मिरे आणि धणे भरड कुटले आणि मांसाला चारी बाजूंनी दाबून दाबून लावले. एझ्राने परसात झाकणाची शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर ओकच्या लाकडाचे तुकडे टाकले आणि खुर्ची टाकून राखणीला बसला. दुपारपर्यंत सगळी गल्ली घमघमली.

"आग लागलीय की पाहुणे येतायत?" शेजारच्या ब्लुमाबाईंनी कुंपणावरून विचारलं.

"दोन्ही!" एझ्रा ओरडला.

पिशवीतून मसाल्याची एक छोटी पुडीही निघाली होती. ती मांस उकडणाऱ्यांसाठी असते, पास्ट्रामीला लागत नाही. टोवाने ती न फोडताच पिशवीसकट कचऱ्यात टाकली आणि वर कॉफीचा चोथा ओतला.

"खुनाचा पुरावासुद्धा लोक इतका लपवत नाहीत," एझ्रा म्हणाला.

गुरुवारी तिने मांस तीन तास वाफवलं. सुरी नुसती टेकवली तरी आत जात होती. साडेबाराला झेडे आले. काखेत चादरीत गुंडाळलेली पाटी होती. ती पाहून टोवाला हसू फुटलं, आणि लगेच तिची नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेली.

झेडेंनी नाक शिंकरलं आणि हातातला कागद टाकायला ते कचऱ्याच्या डब्याकडे वळले. एझ्राने झडप घालून तो कागद घेतला.

"काय रे, माझ्या शेंबडाचा संग्रह करतोयस?"

"तुम्ही बसा हो, झेडे!"

चोराच्या मनात चांदणं. टोवाने घाईघाईने काप काढायला घेतले.

"मांसाच्या धाग्यांना आडवं काप," झेडे बसल्या जागेवरून म्हणाले.

राय धान्याच्या काळपट पावावर मोहरीची चटणी, वर गरम काप. झेडेंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसऱ्याला चटणी हनुवटीवर ओघळली, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. एक पाव संपला, त्यांनी दुसरा मागितला. तोही संपला.

"माझं दुकान," ते हळूच म्हणाले. "अगदी माझं दुकान." मग त्यांनी चादर सोडली आणि पाटी टोवाकडे सरकवली. "घे. जिंकलीस."

एझ्राने टाळ्या पिटल्या. टोवाने पाटीवरच्या अक्षरांवरून हात फिरवला. हेशेल. ज्याने आयुष्यात घाई केली नाही त्याचं नाव. तिला इतका आनंद झाला होता, की तो खोटा आहे हे तिला सोसवेना.

"झेडे, थांबा. हे पिंपातलं नाही. दुकानातलं आयतं आहे. मी तुम्हाला फसवलं."

एझ्राने कपाळावर हात मारला. झेडेंनी रिकामी बशी बाजूला सारली.

"आयतं? प्लास्टिकच्या पिशवीतलं?"

"हो."

"आत मसाल्याची पुडी असते, त्या पिशवीतलं?"

"हो."

"पुडी कुठाय?"

म्हातारा पुरावा मागतोय. टोवाने कचऱ्यात कोपरापर्यंत हात घातला, चोथ्यातून पुडी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. तिचे डोळे भरून आले. पाटी आता परत चादरीत जाणार होती.

झेडेंनी पुडी उचलली. शर्टाला पुसून लख्ख केली. कानाशी नेऊन खुळखुळवून पाहिली. मग एका हाताने पाटी तिच्याकडे आणखी सरकवली आणि दुसऱ्या हाताने पुडी तिच्या मुठीत कोंबली.

"फेकलीस?" ते कळवळून म्हणाले. "अगं, एक्केचाळीस वर्षांत लोणच्याचा मसाला कधी विकत आणला नाही मी. या पुड्या फेकल्यास तर पिंपात घालशील काय?"